रविवारी कान लावला तेव्हा

ताई,

रविवारी मी तुझ्या पोटाला कान लावून बसले, तेव्हा तू म्हणालीस, "बाळाची मावशी झालीस, आता माझी कोण?" सोमवारी माझ्या पाठीवर पाण्याचे फोड आले. कांजिण्या. पुरळ दिसण्याआधी दोन दिवस त्या पसरतात, हे लॅबमध्ये नव्या मुलींना मीच शिकवते.

आईला विचारलं. "घाबरतेस काय वेडे, तुम्हा दोघींना लहानपणी एकदमच येऊन गेल्यात."

दुसऱ्यांदा क्वचितच होतात. म्हणजे आईला माझं चुकीचं आठवतंय. मग तुझं?

तुला त्या झाल्या नसतील तर तुला आणि बाळाला धोका आहे; अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते बघायला तुझं रक्त आजच तपासायला हवं. ती नसेल तर बचावाचं इंजेक्शन रविवारपासून दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. दोन दिवस मी फोन हातात घेऊन परत ठेवतेय. पत्र पोचायला चार दिवस जातील. ते इथेच राहू दे. फोन लावतेय, उचल.

तुझी,
धाकटी