दोन मिलिमीटरची फट

सोमवार, ३
वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी लागली. गोदामं-कारखान्यांचे लोखंडी दरवाजे बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस. टेबल खिडकीशी, उजेड भरपूर. शेडमध्ये तयार दरवाजे आपापल्या चौकटींत उभे असतात. मागे भिंत नाही, मोकळी फरशी. मी सही केली की माल गाडीत चढतो. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. म्हणाली, ताई, आता लोखंडालाही सरळ उभं राहायला शिकवशील.

गुरुवार, ६
आज आगीचे दरवाजे. आडवी पट्टी दाबली की पल्ला बाहेर उघडतो. पल्ला आणि चौकट यांत चार मिलिमीटर फट होती, डोळ्यांना खटकली. सगळीकडे दोनवर आणायला लावली. फोरमन नाना कुरकुरले, आधीचे साहेब चारच ठेवत. मी म्हटलं, त्यांचाच ढिसाळपणा निस्तरायला मला आणलंय. बारा सह्या केल्या. हे बारा धाकटीच्या शिवणकारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर बसणार. तिला मुद्दाम कळवलं.

मंगळवार, १८
भर दुपारी नव्या खेपेतल्या एका दरवाजाची पट्टी आपोआप खाली गेली. पल्ला हलला नाही. मागे जाऊन पाहिलं, कोणी नाही. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. तिथे ऊन येत नाही.
नानांना विचारलं. खाली बघत म्हणाले, तापलं की लोखंड फुगतं, बाई. चारची फट त्यासाठीच. मग त्या दिवशी बोलला का नाहीत? म्हणाले, तुम्ही बोलू दिलंत कुठे.

गुरुवार, २०
मालकांना म्हटलं, ते बारा परत मागवा. हसले. सही तुमची, म्हणाले, जगाला तोंड कसं दाखवाल? खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. मी विषय तिथेच सोडला.
आज सात पट्ट्या खाली. पत्र्यावर हातांचे उठाव आलेत, पलीकडून दाबल्यासारखे.

शुक्रवार, २१
सगळ्या पल्ल्यांवर हात. धाकटीची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती. एका हाताची करंगळी—
नाही. पुन्हा पाहणार नाही. उद्या धाकटीच्या कारखान्यात जाऊन फट वाढवून घेते. नाना कानस घेऊन येतील.

शनिवार, २२
नाना अजून आलेले नाहीत. धाकटीने शिवणाऱ्या बायकांना सांगितलं, ही माझी ताई, हिला दारातसुद्धा खोट दिसते. सगळ्या हसल्या.
जिन्याकडचं दार गरम आहे. खालून धूर—
दुसरं दारही. पट्टी खाली जाते, पल्ला नाही. खिडक्यांना गज. धाकटी ढकलतेय. ओरडतेय, लिहीत काय बसलीस—
नाना फोन उचलत नाहीत. वही गजांतून खाली टाकतेय. फट मी घटवली, नानांनी नाही. नवी खेप गाडीत चढू देऊ नका. नानांना सांगा, बिजागऱ्या बाहेरून कापायच्या, आधी वरची, मग