जुन्या इंजिनाची नवी चाकं

म्हैसूर, नजरबाद
श्रावण शुद्ध सप्तमी, शके १८४९

ती. गंगाधरअण्णांस,
धाकटा भाऊ हणमंत याचे सा. न. वि. वि.

तुम्ही बेंगळुराहून धाडलेलं खेळण्यातलं नवं जर्मन इंजिन सुखरूप पोचलं. आबांनी चष्मा लावून सगळीकडून पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि पुन्हा कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. वाईट वाटून घेऊ नका. आबा रिसाल्यात नोकरीला असताना तिथल्या गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना दिलेलं ते जुनं वाफेचं इंजिनच त्यांना हवं असतं. दुखण्यातून उठल्यापासून ते मांडीवर घेऊन सुम्मने, उगीच आपले, बसून राहतात. पण त्याच्या ओतीव चाकांना भेगा जाऊन आता तुकडे पडायला लागलेत. रुळांवर ठेवलं की कलंडतं.

म्हणून मी नवी पितळी चाकं करायला घेतली आहेत. आमच्या भांड्यांच्या कारखान्यात काम सुटल्यावर लेथ वापरायला मालकांनी परवानगी दिली. संध्याकाळी आबा आणि मी ओसरीवर बसतो. जुनं चाक नव्याशेजारी धरून ते माप बघतात, साहेबाच्या घोड्यांच्या गोष्टी सांगतात. इतकं बोलताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

कुसुमवहिनींस नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.
आपला हणमंत


बेंगळूर
श्रावण वद्य प्रतिपदा

चि. हणमंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आबा बोलायला लागले हे वाचून बरं वाटलं, आणि तुझ्याशी बोलतात हे वाचून तितकंसं बरं वाटलं नाही. त्या इंजिनाचा एकेक स्क्रू मी आबांसमोर बसून खोलला आहे. तू तेव्हा पाळण्यात होतास. आता मी कचेरीत दिवसभर कागद खरडतो, आणि ओसरीवर माझ्या जागी तू बसतोस. माझं इंजिन मात्र कपाटात.

इथे कंटोन्मेंटात घड्याळं आणि खेळणी दुरुस्त करणारा एक चांगला कारागीर आहे. कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर इंजिन धाडून दे. तू तपेल्या उत्तम करतोस, पण इंजिनाचं चाक म्हणजे तपेलीचं झाकण नव्हे. हे वाक्य खोडा असं तुझी वहिनी म्हणते. मी खोडलेलं नाही.

आबांना सा. न. सांग. प्रकृतीस जपावं, आम्हांस विसरू नये.
गंगाधर


म्हैसूर
श्रावण वद्य दशमी

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तपेलीचं झाकण पोचलं. इंजिन मिळणार नाही.

चाकं गोल उतरली, कडाही नीट आल्या, रुळांत बरोबर बसतात. पण सगळी धुऱ्यांवर ठोकून बाजूचे दांडे जोडले की इंजिन थोडं सरकतं आणि अडतं. काढून पुन्हा बसवली, तरी तेच. कुठे चुकतं ते आबांना पूर्वी ठाऊक होतं म्हणे, आता आठवत नाही. काल बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले की गंगाधर असता तर त्यानं केलं असतं.

अण्णा, हे मी लहानपणापासून ऐकतो आहे. पाय मी चेपतो, औषध मी देतो, आणि नाव तुमचं निघतं. तुमचं पत्र आलं की मला ते दोनदा वाचून दाखवावं लागतं. तुम्ही ओसरीवरच्या माझ्या या जागेवर जळता. खुशाल या आणि बसा इथे, पण मग त्यांच्या तोंडचं ते नाव मला द्या.

जास्त लिहीत नाही. लहान समजून सांभाळून घ्यावं.
हणमंत


बेंगळूर
भाद्रपद शुद्ध षष्ठी

चि. हणमंतास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, तो मी मुद्दाम केला. इंजिन अडलं हे वाचून मला आनंद झाला होता. का अडलं तेही वाचताक्षणीच कळलं होतं, तरी कागद हाती घेतला नाही. परवा गणपतीच्या दिवशी कुसुमनं विचारलं की आबांचं इंजिन चाललं का. मी नाही म्हटलं. काय चुकतं ते भावजींना कळवलंत का, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. मला ते सोसलं नाही.

आता नीट वाच. ज्या खुंटीला दांडा अडकतो ती डाव्या चाकावर सरळ वर असेल, तेव्हा त्याच धुऱ्याच्या उजव्या चाकावरची खुंटी पुढच्या बाजूला यायला हवी. घड्याळात बारा आणि तीन असतात तशी. आणि प्रत्येक धुऱ्यावर अगदी सारखं. तू अंदाजानं बसवली असणार. एका धुऱ्याला जरा फरक राहिला तरी दांडे एकमेकांना ओढतात. साहेबानं हे आबांना दाखवलं होतं, आबांनी मला.

मी सांगितलं असं आबांना सांगू नकोस. तुझं तुला सुचलं म्हण. मन बदलायच्या आत हे टपालात टाकतो.

तुझ्यावर जीव आहे, त्यात शंका धरू नये.
गंगाधर


म्हैसूर
भाद्रपद पौर्णिमा

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

चाकं उपसली, खुंट्या तुम्ही लिहिल्याप्रमाणे जुळवल्या. आबांनी स्वतः स्पिरिटचा दिवा लावला. वाफ धरली तसं इंजिन हललं आणि ओसरीवरच्या रुळांवरून कुठेही न अडता फेऱ्या मारायला लागलं. आबा गुडघे टेकून खाली बसले होते, पाणी संपेपर्यंत उठले नाहीत.

मग त्यांनी विचारलं की कसं जमलं. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो की माझं मला सुचलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझ्या हातून झालं हे बरं झालं म्हणाले. असं ते मला आजवर कधी म्हणाले नव्हते.

त्यात तुमचा वाटा आहे हे मला कळतं. तुम्ही मुभा दिलीत, तरी चोरल्यासारखं वाटतं. पण परत करावंसं वाटत नाही, आणि मी करणारही नाही.

दसऱ्याला या. आबा तुम्हाला ते चालवून दाखवतील, आणि हणमंतानं केलं म्हणून पुन्हा पुन्हा सांगतील. तेव्हा तुम्ही काही बोलू नका. माझ्यासाठी एवढं ऐकून घ्या.

राग आला तरी माया सोडू नये, ही विनंती.
तुमचा हणमंत