ड्रायव्हरशेजारची जागा

३ डिसेंबर
ओरिवाल या नदीकाठच्या खेड्यात पोचलो. बसमधून उतरताना बर्फावरून घसरलो आणि गावात पहिले पाऊल पाठीने टाकले. धावत आला तो गावचा बेकरीवाला, गिलेन. पावासारखे फुगलेले गाल बघताच त्याचा धंदा कळावा. माझी टोपी झटकत त्याने चौकशी केली, की काय हो साहेब, तिकडे गेंटला सगळे असेच चालतात, की तुम्हीच खास?

मुक्काम मादाम ओदील यांच्याकडे. त्यांचे दिवंगत पती फिर्मँ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात या गावातून आघाडीकडे गेलेला अमेरिकन ट्रकांचा ताफा हुबेहूब घडवला आहे. पेट्रोल, पाव, दारूगोळा नेणारे ट्रक. ट्रक वीतभर, माणूस बोटाच्या पेराएवढा. जुन्या गोठ्याचे दालन करून सारे काचेमागे मांडले आहे. कुठे रंग उडालाय, कुठे चाक निखळलेय. ते नीट करणे माझे काम. शिशाची माणसे रंगवण्यात माझी हयात गेली. जिवंतांपेक्षा ती सोयीची, मानधन वाढवून मागत नाहीत.

जेवायला आलुबुखार घातलेला ससा. त्यानंतर निद्रादेवी प्रसन्न झाली ती उन्हे येईपर्यंत.

५ डिसेंबर
प्रत्येक ट्रकात दोघे बसलेले आहेत, ड्रायव्हर आणि त्याचा सोबती. सोबत्याचे कर्तव्य एकच: ड्रायव्हरला जागे ठेवणे. बोलून, गाऊन, शिव्या देऊन, कोपराने ढोसून. एका ट्रकात मात्र सोबत्याची जागा रिकामी.

गंमत अशी, की येणारा प्रत्येक गावकरी नेमका त्याच ट्रकापाशी थांबतो आणि त्या एकट्या ड्रायव्हरशी गप्पा मारतो. गिलेनने आज त्याला कळवले, की यंदा बटाटे सडले, मेहुणीने पुन्हा लग्न केले आणि नवरदेवाला अजून काही कळलेले नाही. टपालवाल्या बाईंनी हवामान सांगितले. मी गिलेनला विचारले, ही काय भानगड? तो म्हणाला, रीत आहे हो. तुम्ही देवळात मेणबत्तीशी बोलता, ती कुठे उत्तर देते?

७ डिसेंबर
रंगकामासाठी दालन बंद ठेवले आहे. मादाम बहिणीकडे लिएजला गेल्या आहेत.

आमच्या शास्त्रात अपुरा संच हे महापातक. ती रिकामी जागा दाढेतल्या कणासारखी सलत होती. शेवटी लांबी, म्हणजे काचा बसवायची पुट्टी, मळून एक सोबती घडवलाच. चेहरा दिला गिलेनचा. असे गाल कल्पनेने सुचत नसतात. त्याला विचारले नाही, मादामनाही नाही. म्हटले, दालन उघडले की स्वतःला ट्रकात बघून पोट धरून हसेल. पक्का गोंद लावून बसवला.

९ डिसेंबर
आज पाव करपलेले. गिलेनला झोप नाही. डोळा लागला की कुणीतरी कोपराने ढोसते, म्हणे. बायको जोझियान गल्ल्यावरून ओरडली, की माझ्या नावावर घालू नकोस, मी भिंतीकडे तोंड करून झोपते. दुकानभर हशा. मीही हसलो.

त्या ट्रकाच्या काचेवर आतून वाफ धरली आहे. रंग ओला राहिला असावा.

१२ डिसेंबर
गिलेनचे गाल उतरले. डॉक्टरच्या गोळ्यांचा उपयोग नाही. तो म्हणतो, डोळे मिटले की शेजारी कुणीतरी असते, पेट्रोलचा वास येतो, भाषा कळत नाही पण मागणे कळते: बोल, बोलत राहा. गावच्या बातम्या संपल्या, म्हणून आता त्याला पाव कसा करतात ते शिकवतोय, असे म्हणून तो हसला. हसणे अर्ध्यावर राहिले.

परत येऊन भिंगातून बघितले. ड्रायव्हरची मान समोर, रस्त्याकडे होती. मीच रंगवली होती. आता ती शेजाऱ्याकडे कलली आहे.

मला कळले होते. तरी संध्याकाळी गिलेनसमोर बसून त्याच्याच दुकानातली साखरेची टार्ट खाल्ली आणि ट्रकातल्या त्याच्या चेहऱ्याचा विषय टाळला.

१४ डिसेंबर
मादाम परतल्या. ट्रक बघून कोट न काढताच खाली बसल्या.

त्यांनी सांगितले ते असे. त्या हिवाळ्यात एका सोबत्याचे पाय गोठले, त्याला इथेच उतरवून घेतले. ड्रायव्हर एकटाच पुढे गेला आणि नदीच्या वळणावर झोप लागून ट्रकासकट नदीत गेला. पुढे दर हिवाळ्यात त्या वळणावर इंजिन ऐकू येई आणि गावातले कुणी ना कुणी तिथे दगावे. फिर्मँने ट्रक घडवला, जागा रिकामी ठेवली, गावाने बोलायची रीत पाडली. ड्रायव्हर जागा राहिला, वळण शांत झाले.

मी म्हणालो, आत्ता उपटून काढतो. त्या म्हणाल्या, काढा की. पण काचेबाहेरच्या गप्पांवर त्याने इतकी वर्षे भागवले, कारण त्याला दुसरे काही मिळाले नव्हते. आता खांद्याला खांदा लागलाय. सोडेल तो? आणि त्या चेहऱ्याची परवानगी कुणाची घेतली होती तुम्ही?



१५ डिसेंबर
सोबती उपटला. कंबरेपासून तुटला, पाय आतच राहिले.

सकाळी गिलेन वळणावर सापडला. अनवाणी, झोपायच्या कपड्यांत, रस्त्याकडेला उभा, गाडीची वाट बघत. जोझियानने मला विचारले, की तुम्ही शिकलेले आहात, सांगा ना, काय होतंय माझ्या माणसाला?

मी म्हणालो, हवा वाईट आहे.

१६ डिसेंबर
मादाम म्हणाल्या, उपाय एकच: त्या जागेवर दुसरा चेहरा. कुणाचा, ते त्या बोलल्या नाहीत. मलाही विचारायची गरज नव्हती.

आज लांबी फार कडक वाटली.

१७ डिसेंबर
कुणाचाच नसलेला चेहरा करून बघितला. तसा चेहरा नसतो. टपालवाल्या बाई झाल्या. चिरडून टाकला.

गिलेनपाशी बसलो. डोळे सताड उघडे, पाद्री पायथ्याशी. मला ओळखले. अंग चोरून पलंगावर सरकला, गाडीत जागा करून देतात तसा. म्हणाला, बसा साहेब, पण बोलत राहा हं.

१८ डिसेंबर
आरसा समोर घेतला. झाले. तुटक्या पायांवर माझे धड बसवले.

१९ डिसेंबर
गिलेन झोपला. घोरतोय! जोझियानने भर रस्त्यात मिठी मारली, रडली, मला संत म्हणाली. मी तिला बोलू दिले. हेही पाप माझ्याच नावावर.

बरगडीत कोपर.

२१ डिसेंबर
बोलतोय. आई, गेंटचे कालवे, शाळेत घोकलेली धातुरूपे. ड्रायव्हर हं म्हणतो. पेट्रोल. गुडघे गारठलेत — खोलीत शेगडी पेटलेली आहे.

त्याला सांगितले, की मी विचारल्याशिवाय एका माणसाला इथे बसवले. तो हं म्हणाला नाही.

२२
गिलेन आला होता. गाल परत आलेत. तो बोलत होता आणि माझ्या हातात लांबी — बोटे गोल गोल — बघतो तर गाल तयार. त्याचेच. ओरडून त्याला बाहेर काढले. बिचारा, चुकले काय म्हणून विचारत होता. सगळी लांबी शेगडीत टाकली.

२३
मी पेंगलो तर हा पेंगणार. मग मी नसेन — आणि याला दुसरा एकच खांदा माहीत आहे. गिलेनचा. म्हणून पेंगायचे नाही. एवढे तरी —

मादाम आळीपाळीने लोकांना ट्रकापाशी आणून त्याच्याशी बोलायला लावतात. तो ऐकतच नाही. माझ्याकडे बघतो.

२४ असावी
काचेवर बर्फ. वायपर एकच चालतो. नदी ऐकू येतेय. सांगितले सगळे. आता तेच पुन्हा. ऐक, यंदा बटाटे सडले. मेहुणीने लग्न — ऐकतोस ना? मान वर कर. अरे, वळण आहे. वर कर मान. मी आहे ना. बोलतोय. डोळे नुसते मिटलेत माझे, झोपलो नाही, नुसते मि