माझी वाढवलेली दोन वर्षं

गुरुजी, काल तुमची नात नंदुरबारच्या मैदानावर माझ्या टेबलासमोर उभी होती आणि मी तिला परत पाठवलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही माझं नाव शाळेत घातलंत तेव्हा मी चार वर्षांची होते. मोठ्या बहिणीमागोमाग येऊन वर्गात बसायचे, एवढंच. पहिलीचा पट कमी पडत होता, तळोद्याहून साहेब तपासणीला जीपने निघाले होते, आणि तुम्ही मला सहा वर्षांची करून टाकलंत. जन्मतारीख एक जून. आमच्या पाड्यावरचा अख्खा वर्ग एक जूनलाच जन्मलेला, त्या तारखेचं मला काही वाटत नाही. पण बाप म्हणाला होता, पोरगी लहान आहे. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते आई अजून तुमच्या आवाजात करून दाखवते. "लिखी टाकं मी. काय फरक पडस तुमले?"

सातवीत तुम्हीच मला निवड चाचणीला नेलंत. सहाशे मीटर अनवाणी पळाले आणि पहिली आले. धावपटूंचा राष्ट्रीय महासंघ तिथून मुली निवडून निवासी केंद्रात नेणार होता. तिथे जेवण, बूट, शाळा सगळं महासंघाचं. टेबलामागच्या माणसाने दाखला पाहिला. गट बारा वर्षांखालचा, मी खरी अकराची, कागदावर तेराची. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. "ते वय मी चुकीचं लिहिलंय," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही गप्प राहिलात, नोकरीला घाबरलात, आणि बाहेर आल्यावर मला भजी खायला घातलीत. मी ती खाल्ली याचाच मला जास्त राग येतो. माझ्या मागून दुसरी आलेली मुलगी केंद्रात गेली. मी त्या हिवाळ्यात आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले.

पुढे खुल्या गटात पळत राहिले, तिथे वय कोणी विचारत नाही. पण उशीर झाला होता. आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका झाले, महासंघाने शिकवून तयार केलं आणि आता जिल्ह्याच्या चाचणीला दाखले मी तपासते. तुमचा मुलगा लेकीला घेऊन धानोऱ्याहून आला. दाखल्यावर तुमचं आडनाव पाहिलं आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. तारीख खरी, दवाखान्यातली. पण बारा वर्षांखालच्या गटासाठी वय एका दिवसाने जास्त.

"मॅडम, एकच दिननी गोठ शे," तो म्हणाला. "मन्हा बापनी शिकाडेल शे ना तुमले?"

"फरक पडस, भाऊ," मी म्हणाले आणि दाखला परत दिला. मला बरं वाटलं गुरुजी, फार बरं वाटलं. नियम माझ्या बाजूने होता.

खरं तर अर्धाच नियम. आता चौदा वर्षांखालचाही गट असतो. एका दिवसासाठी कोणी पोर हातची जाऊ नये म्हणूनच महासंघाने तो ठेवलाय. तिचं नाव तिथे घालायला चार ओळींचा फॉर्म लागतो आणि तो माझ्या कोपराखाली होता. तुमच्या मुलाला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मुलींना, त्यांच्या आयांना हा दुसरा गट समजावत मी गावोगाव फिरते, आणि काल तोंड मिटून बसले. ती रडली नाही. बापाची बॅग घेऊन फाटकापर्यंत चालत गेली, आणि मग उगाचच रस्त्यावर पळत सुटली. मी टक लावून पाहत राहिले. पाय छान पडतात तिचे.

याद्या परवा संध्याकाळी बंद होतात. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उत्तर देणार नाही. फोन तुमच्या मुलाला करायला हवा, नंबर माझ्याकडे राहिलेल्या दाखल्याच्या झेरॉक्सवर लिहिलेला आहे. सकाळपासून तीनदा काढला आणि ठेवून दिला. तो विचारेल, हे काल का सांगितलं नाहीत, याचीच मला भीती वाटते.