पालकांची सही

बुधवार, १८ जून २०२५. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

स्टाफवरचे आकडे ओल्या फडक्याने पुसत होतो. स्टाफ म्हणजे मोजणीची चार मीटर उंच पट्टी. साइटवर ती सरळ धरून उभे राहायचे, हे माझे काम. तेवढ्यात मोबाइल वाजला – मोठ्या कॉलेजची पहिली यादी. बी.ए., अर्थशास्त्र. माझे नाव बत्तिसावे!

दोनदा वाचले. मग बैठक क्रमांक ताडून पाहिला. मीच.

चार वर्षांपूर्वी अकरावीत शाळा सोडली. बाबांचा पाय मोडला होता आणि घरात दुसरे कोणी कमावते नव्हते. यंदा बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, काम करता करता बारावी केली. ८४.३३ टक्के. आणि आता हे कॉलेज! बस त्याच्या भिंतीजवळून जाते तेव्हा बाबा अजूनही मान वळवून बघतात.

आई रडली. बाबांनी गणवेश चढवला, बूट दोनदा पुसले आणि ड्युटीवर गेले.

मला आनंद झाला. पण पूर्ण नाही. का, ते अजून कळत नाही.

गुरुवार, १९ जून.

बाबांनी खराडीला त्यांच्या कंपनीच्या गेटवर पेढे वाटले. कार्ड दाखवून आत जाणाऱ्या प्रत्येकाला! म्हणे, अवधूत सर गाडीतून उतरून हात मिळवून गेले. हे तिथले मोठे साहेब. माझा ऑनलाइन फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. गावाहून, रिसोडहून, सात फोन.

रंगनाथ सर, म्हणजे माझे मोजणीचे मालक, म्हणाले, “बत्तिसावा का? म्हणजे एकतीस जण तुझ्याहून शहाणे आहेत. बरे झाले, आकडा कळला.” आणि दोनशेची नोट दिली. त्यांच्याकडून हे फार झाले.

शनिवार, २१ जून.

मोठे कॉलेज बघून आलो. कोणी वाईट वागले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे उद्या भांडताना मी खोटे बोलणार नाही. एका मुलीने आपणहून वाचनालय दाखवले. झाडे जुनी आहेत, बाके स्वच्छ आहेत. पण मी तिथे दीड तास अर्धाच श्वास घेत होतो. भूगोल विचारला. “जागा भरल्या.” वर्ग दहा ते चार. म्हणजे मोजणीचे काम सुटले.

आता दुसरे. एप्रिलमध्ये रंगनाथ सरांनी मला बिबवेवाडीतल्या एका छोट्या कॉलेजात पाठवले होते. त्यांनी उसनी आणलेली मोजणीची तीनपायी तिवई परत द्यायची होती. मागच्या मैदानात भूगोलाच्या मॅडम, मंदाकिनी मॅडम, मुलांना लेव्हल शिकवत होत्या. लेव्हल म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण. एका मुलाने स्टाफ तिरका धरला होता. माझ्याने राहवेना. म्हणालो, “मॅडम, स्टाफ झुकलाय.”

“मग तुम्ही धरा.”

धरला. नंतर त्यांनी आकडे लिहायची वहीही माझ्याच हातात दिली. या वहीत खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बरोबर आकडा वर लिहायचा. मैदानाला फेरी मारून सुरुवातीच्या खुंटीवर परत आलो. चढउतारांची बेरीज शून्य यायला हवी. आली दोन मिलिमीटर! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“कितव्या वर्षाला आहात?” मॅडमनी विचारले.

“कितव्याच नाही.”

“मग या की. सकाळी सात वीस ते साडेअकरा. दुपारी पोटापाण्याचे बघा.”

त्या मैदानात श्वास कसा घेत होतो, ते आठवतच नाही. म्हणजे नीट घेत असणार.

मी तिथे जाणार. लिहून टाकले! या वहीतही खोडरबर चालत नाही.

मंगळवार, २४ जून.

घात झाला.

मी साइटवर सासवडला होतो. मागे बाबांनी कपाटातली माझी फाइल उचलली, अर्धी रजा काढली आणि मोठ्या कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करून आले. २१,४०० रुपये भरले. बारावीचा मूळ दाखलाही तिथे दिला! एकच प्रत असते त्याची. तो नसेल तर छोटे कॉलेज मला दारात उभे करणार नाही.

“पैसे कुठून आणले?”

“अवधूत साहेबांनं देल्ले. तुह्यासाठी म्हून.”

“मी मागितले नव्हते!”

“म्या मांगतले.”

कोणाच्या उपकारावर मी शिकणार नाही, असे ओरडलो. शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. ऐकू दे.

वहीच्या मागच्या पानावर लिहिले : देणे – अवधूत सर – २१,४००.

बुधवार, २५ जून.

बाबा बोलत नाहीत. मीही नाही. आई दोघांना वेगवेगळे वाढते.

शुक्रवार, २७ जून.

आज बोललो. पूर्ण वाक्ये तयार करून, क्रमाने. मला भूगोल हवा. मला काम सोडायचे नाही. मला त्या मैदानात बरे वाटते.

बाबा हसले. “बरं वाटते! मले का गेटवर बरं वाटते म्हून उभा राह्यतो?”

“म्हणूनच सांगतो. तुम्ही उभे राहिलात, मी नाही राहणार.”

हे जास्त झाले. पण खोडत नाही.

बाबा म्हणाले, “तीन खोल्यांचं कॉलेज. त्याचं नाव सांगतलं तर लोक म्हंतीन, कुठं आलं हे? त्या मोठ्याचं नाव घेतलं का कोनी इचारत नाही.”

“लोकांनी विचारले तर मी सांगेन, कुठे आहे ते. नकाशा काढून देईन!”

आई तोंडावर पदर धरून हसली. बाबा उठून बाहेर गेले.

रद्द करण्याचा फॉर्म मी गुरुवारीच आणला आहे. शेवटचा रकाना – पालकांची सही. मी एकवीस वर्षांचा आहे. मतदान करतो. तरी पालकांची सही! रंगनाथ सरांना विचारले, काय करू? म्हणाले, “माझा सल्ला फुकट असतो, त्यामुळे कोणी ऐकत नाही. म्हणून देणे बंद केले.” मग लेव्हल पुसता पुसता म्हणाले, “बाप सही का करत नाही, ते एकदा विचार. तू फक्त सही मागतोयस.”

विचारले नाही. वाद घालणे सोपे वाटते.

सोमवार, ३० जून.

सही मी केली. बाबांची.

स्वारगेटच्या थांब्यावर, मांडीवर फाइल ठेवून. मला जमणारच होती. त्यांना सही मीच शिकवली. पाय मोडला तेव्हा विम्याच्या कागदावर अंगठा द्यायची त्यांना लाज वाटली. चार दिवस पाटीवर ‘नागोराव’ गिरवून घेतले होते. त्यांची सही शेवटाकडे खाली घसरत जाते, उताराला लागल्यासारखी. माझ्या हातून सरळ आली. घाबरलो होतो, तरी सरळच आली.

मोठ्या कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उजेडात धरला.

“वडील कुठे आहेत?”

“कामावर.”

“आणि सही घरी आली. छान. उद्या सहीबरोबर वडिलांनाही पाठवा. आम्हालाही भेटायला आवडेल.”

उद्या शेवटची तारीख.

संध्याकाळी सांगितले. जेवताना, सरळ. “बाबा, मी तुमची खोटी सही केली. उद्या तुम्हाला बोलावलंय. नाही म्हणालात तर नाही.”

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला.

तरी माझे म्हणणे बदललेले नाही. सही चूक. कॉलेज बरोबर.

मंगळवार, १ जुलै.

बाबा आले. गणवेशातच.

बाईंनी फॉर्म त्यांच्याकडे फिरवला. “ही तुमचीच ना?”

बाबांनी किती वेळ पाहिले, कोण जाणे. मी भिंतीवरची सूचना वाचत होतो. एक अक्षर डोक्यात शिरले नाही.

“माहीच हाय.”

“मग खाली परत एकदा करा. माझ्यासमोर.”

बाबांनी पेन घेतले. फॉर्म सरळ केला. डावा हात सहीखाली पट्टीसारखा ठेवला आणि एकेक अक्षर, सावकाश, हाताच्या कडेने, वरच्या सहीकडे बघत, खाली लिहिले. शेवटचे अक्षरही खाली घसरू दिले नाही. चार वर्षांत त्यांच्या हातून सरळ आलेली ही पहिलीच सही. माझ्या सहीसारखी केली त्यांनी! स्वतःची सही माझ्या खोट्या सहीशी जुळवली.

बाईंनी दोन्ही ताडून पाहिल्या. दाखला दिला. हजार रुपये कापून बाकीचे खात्यात येतील, म्हणाल्या.

बाहेर मी म्हणालो, “बाबा—”

“बस येते माही,” म्हणाले आणि गेले. पाय अजून थोडा ओढतात.

शुक्रवार, ४ जुलै.

छोट्या कॉलेजात प्रवेश घेतला. फी ७,८५०, माझ्या साठवलेल्या पैशांतून. मंदाकिनी मॅडमनी फॉर्म पाहिला. “आलात का? बरे झाले. स्टाफ धरणारे सगळेच वाकडे आहेत.”

घरी सांगितले. आईने साखर हातावर ठेवली. बाबांनी पेपर तोंडापुढे धरला होता. पेपर परवाचा होता.

मी चुकलो नाही! तीनदा स्वतःला विचारले, तिन्ही वेळा हेच उत्तर आले.

शनिवार, १२ जुलै.

२०,४०० रुपये परत आले, बाबांच्या खात्यात. मी म्हणालो, कापलेले हजार मी घालतो आणि सगळे अवधूत सरांच्या हातात स्वतः देऊन येतो.

“म्या देतो. तू नोको जाऊ.” आज अकरा दिवसांनी बोलले, ते हे.

“मीच जाणार. उपकार फेडताना तरी तोंड दाखवू द्या.”

“नोको जाऊ म्हंतो ना!”

उद्या रविवार, बाबांची जादा ड्युटी. नेहमीचीच. गेले वर्षभर रविवारी ते घरी नसतातच. एका रविवारचे ५३५ मिळतात. मी परवा बाबांची पाळी सुटल्यावर खराडीला जाणार. त्यांना न सांगता.

सोमवार, १४ जुलै.

अवधूत सर खाली भेटायला आले. मी कापलेल्या हजाराचे पाकीट पुढे केले, बाकीचे बाबांच्या खात्यात आहेत म्हणालो. ते म्हणाले, “कसले पैसे? मी तर फक्त फॉर्म भरला रे.”

घरी येऊन आईला विचारले. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. “आपले, रविवारच्या ड्युटीचे हायेत म्हनलं असतं तर तू म्हनला असता, घरात ठेवा. साहेबाचं नाव घेतलं तर तुले नाही म्हनता येनार नाही, असं वाटलं त्याईले.”

कॉलेज बदलणार नाही. सकाळी सात वीसला वर्ग आहे.

मागचे पान. ‘अवधूत सर – २१,४००’ यावर एक रेघ. वर लिहिले : बाबा – चाळीस रविवार.

खर्च : छोट्या कॉलेजची फी ७,८५०. मोठ्या कॉलेजने कापले १,०००.
परत आले : २०,४००.
देणे : बाबांना १,०००. म्हणजे दोन रविवार. येते दोन रविवार रंगनाथ सरांकडे जादा काम मी करणार, बाबा घरी.
शिवाय एक सही.