आठ मिलिमीटरची प्लेट

३ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला कार्बुरेटर पोचला. खोक्यात कार्बुरेटर कमी आणि कागदाचे बोळेच जास्त. बाबांनी तासभर मला हातच लावू दिला नाही. थरथरत्या हातांनी पाना धरता येत नाही, पण खुर्चीतून हुकूम सोडायला थरथर आड येत नाही.

आता कामाचं. हा कार्बुरेटर आपल्या जुन्या गाडीवर सरळ बसत नाही. इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला, म्हणजे मॅनिफोल्डला, एकच गोल तोंड, आणि याला खाली दोन. बोल्टही जुळत नाहीत. दामटून बसवला असता तर मध्ये पायरी राहून पेट्रोल-हवेचं मिश्रण तिथेच अडखळलं असतं. म्हणून दोघांच्या मध्ये घालायला ॲल्युमिनियमची आठ मिलिमीटरची प्लेट कापली. वर दोन भोकं, खाली उतरता उतरता त्यांचं एक होतं. तीन दिवस कानस चालवली. आता बोट फिरवलं तर कुठे कड लागत नाही. कडेचं जास्तीचं भोक फक्त आपल्या गाडीसाठी आहे. तिचा ॲक्सिलरेटरची केबल धरणारा कान तुटलाय ना!

मागितलंस म्हणून चित्र पाठवतेय. पण गाडी अजून चालवलेली नाही. चालवून बघेपर्यंत ते कुणाला दाखवू नकोस.

उत्तराला आळस करू नकोस. माया आहे तशीच ठेव.
तुझी
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

चित्र मिळालं. इतकं नेटकं की आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यातल्यांनी माना खाली घालाव्यात. घाबरू नकोस, कपाटात कुलपात ठेवलंय. कुणाला दाखवणार नाही, तुझी शपथ. फक्त बोल्टच्या भोकांमधलं अंतर पुन्हा एकदा नीट लिहून पाठव. तुझा सात एकासारखा दिसतो, शाळेतल्या बाईंनी त्यावरून तुला बाकावर उभं केलं होतं ते उगाच नाही.

सौ.ला आता सहावा महिना. पाय सुजतात, पण तुझ्या हातच्या टोपड्याची वाट बघतेय. मालकांनी मला वेगळं टेबल दिलंय. काही नवीन काढून दाखव म्हणतात.

बाबांना नमस्कार. लहान भावावर असाच जीव असू दे.
तुझा
ठेंगू

२० एप्रिल

चि. ठेंगूस,
आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात गाडी बाहेर काढली. पाण्याच्या टाकीकडच्या उतारावर एका ट्रकला मागे टाकायला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. पाय उचलला तरी गाडी हळू होईना. ब्रेक दाबला तरी इंजिन ओढतंच होतं. चावी फिरवून ते बंद केलं तेव्हा कुठे खडीच्या ढिगाला टेकून थांबली. उघडून पाहिलं. कार्बुरेटरची झडप पूर्ण उघडली की खाली येऊन प्लेटच्या भिंतीत अडकते. आठ मिलिमीटर पुरत नाही. मग चौदाची प्लेट घेतली आणि आतल्या भिंती मागे घेतल्या. आता इंजिन असं चालतं की बाबाही गप्प बसून ऐकतात.

ही खुशाली लिहायला बसले आणि एक टॅक्सीवाला गॅरेजात आला. हातातलं पाकीट दाखवून म्हणाला, ताई, एवढी प्लेट बसवून द्या. पाकीट उघडलं. आठ मिलिमीटरची. कडेला जास्तीचं भोक, जे जगात आपल्या गाडीखेरीज कुणाला लागत नाही. पाकिटावर तुझ्या कारखान्याचं नाव, आणि खाली छापलेलं: रचनाकार, तू.

माझी शपथ घेतली होतीस, तिची किंमत मी विचारत नाही. अशा किती प्लेटा बाहेर गेल्या ते आधी सांग. टॅक्सीवाल्याला मी परत पाठवलंय.
ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मी सांगणारच होतो. मालक मागे लागले, कपाट उघडावं लागलं. झडपेचं म्हणशील तर एखाद्याच गाडीत अडकत असेल, अजून तक्रार नाही. बाळ होईपर्यंत कृपा करून मालकांना काही कळवू नकोस. नोकरी जाईल.

आणि एकटा मीच दोषी नाही. बाबांना विचारून केलं. बाईच्या हातची प्लेट कोण घेणार, नाव तुझंच टाक, असं त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं. पत्र जपून ठेवलंय. नाव घरातच राहिलं ना, ताई?

रागावलीस तरी तोडू नकोस.
तुझाच
ठेंगू

६ मे

ठेंगूस,
आशीर्वाद सौ.ला आणि होणाऱ्या बाळाला.

तुझं पत्र यायच्या आधीच, टॅक्सीवाला गेला त्याच दिवशी, मी तुझ्या मालकांना लिहिलं होतं. काल उत्तर आलं. एकसष्ट प्लेटा गेल्यात, सगळ्या परत मागवतायत. एका गृहस्थाची गाडी कुंपणात घुसली होती, थोडक्यात वाचले. चौदाचं चित्र मी मालकांना पाठवून दिलं. नावाबद्दल एक शब्द लिहिला नाही. गाडीत बसणाऱ्यांपैकी कुणी मला फसवलेलं नाही, त्यांनी का जीव धोक्यात घालावा.

मग तुझं पत्र बाबांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि नाकावरचाच चष्मा टेबलावर शोधायला लागले. नाही म्हणाले नाहीत. घरातच तर राहिलं, एवढंच बोलले. मी विचारलं, मी घरातली की नाही. त्यावर त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं. तू फसवलंस त्याचा राग आला होता. याचा राग येत नाही, ठेंगू. बावीस वर्षं रोज सकाळी गॅरेजचं शटर मी उचललंय.

गॅरेजमधून माझ्या कानशी आणि मापपट्टी तेवढी घेतली. येत्या सोमवारपासून बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये कामाला जाणार. तिथे केलेल्या प्रत्येक कामाखाली करणाऱ्याची सही लागते.

निघताना बाबांनी विचारलं, आता गाडी कोण बघणार. मी म्हटलं, ज्याचं नाव छापलंय त्याला बोलवा. तेव्हा रजा काढून ये. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, जरा खाली बसवायचं राहिलंय.

लोभाचं वाक्य या खेपेला लिहीत नाही.
ताई