पेंढ्यातली गाणी

खालची आळी, रत्नागिरी
४ मे १९८५

लाडक्या सुनूस,

तुला आणि बेनीला ताईचे आशीर्वाद. मुलांना गोड पापे.

वरचा पत्ता वाचून दचकलीस ना? बरोबरच वाचलास. तू आप्पांच्या मनाविरुद्ध बेनीशी लग्न करून म्हापशाला गेलीस तेव्हापासून आपली पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर चालली. मीही ती शिक्षकांच्या खोलीत बसून, कोपराने झाकून लिहीत आले. आज घरच्या ओटीवर बसून लिहितेय, भर सकाळी. समोर आप्पा आरामखुर्चीत आहेत. कुणाला लिहितेय, ते त्यांनी विचारलेलं नाही. दोनदा खाकरले मात्र.

आधी इकडची खबर. आंबा यंदा बरा आहे. आप्पांचे गुडघे बरे नाहीत, आवाज खणखणीत आहे. गंगा अजून आपल्याकडेच कामाला आहे आणि अजून मलाच रागावते. मी दुपारी स्वयंपाकघरात रेडिओवर सिलोन बारीक लावते. आपल्या वेळचं एखादं इंग्रजी गाणं लागलं की हातातली रवी थांबते. गंगा म्हणते, "लागली ताईंची रडवी गाणी!" आप्पांना ऐकू येत नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो.

आता खरं ते लिहिते.

आंब्याच्या खोलीत आप्पा कुणाला हात लावू देत नाहीत, हे तुला माहीतच आहे. अढी स्वतः लावायची, पेट्या स्वतः भरायच्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून परवा त्यांनी गंगेला रिकामी पेटी आणायला पाठवलं. ती कोपऱ्यातली एक पेटी उचलून ओटीवर घेऊन आली आणि फळी उचकटली.

"ती नको!" आप्पा ओरडले. पण उशीर झाला होता.

पेंढा बाजूला करून गंगा म्हणाली, "अगो बाय! ताई, आप्पांनी पापड भरून ठेवलेत. सगले करपलेले!"

सुनू, तुझ्या रेकॉर्डी होत्या त्या.

तू गेल्यावर आप्पांनी आम्हाला सांगितलं होतं की विहिरीत टाकल्या. मी ते तुला कळवलं, तेव्हा तू उलट लिहिलंस, "बेडूक तरी नाचतील." हसवायला लिहिलं होतंस, पण त्या ओळीवरची शाई फुटली होती, ते मी पाहिलं होतं.

विहिरीत नाही गं. पेटीत. हापूस ठेवतात तशा एकेक आडव्या, मध्ये पेंढ्याचा थर, वर पुन्हा पेंढा. आणि पेंढा जुना नव्हता. ह्याच वर्षीचा, पिवळाधमक.

मी आप्पांकडे पाहिलं. ते रागानेच म्हणाले, "मग काय, बुरशी लागू द्यायची होती? दर वर्षी बदलतो पेंढा."

"आप्पा, रेकॉर्डी उभ्या ठेवतात. गार जागी. अढीच्या उबेने बघा कशा वाकल्या."

"मला काय ठाऊक? माझ्या घरात जपायची वस्तू पेंढ्यातच ठेवतात."

मी हसू लागले आणि मग मला पदर डोळ्यांना लावावा लागला. गंगेला वाटलं, पापड वाया गेले म्हणून.

शाळेचा रेकॉर्ड प्लेअर सुट्टीत माझ्याकडे असतो. लाल लेबलाची ती रेकॉर्ड काढली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटने जप्त केली होती आणि तू तिच्या कपाटातून परत पळवली होतीस, ती. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर आठ आण्यांचं नाणं ठेवलं. काय सांगू तुला! गाणारा गुहागरला निघालाय आणि होडीत बसून गातोय असं वाटलं. लाट आली की वर, गेली की खाली. मागे साथीला गाणाऱ्या तिघी बायकांना तर बोट लागलेली! पण सूर तोच होता सुनू. बेळगावच्या वसतिगृहात तू आरशासमोर कंगवा धरून गायचीस तोच.

दुसऱ्या बाजूला नाचाचं गाणं निघालं. मी पदर खोचला आणि ओटीवर ट्विस्ट केला. बावन्नाव्या वर्षी! गंगाही सामील झाली, तिचं आपलं होळीतलं पाऊल. आप्पांची काठी ठेका धरत होती, सगळा चुकीचा.

मग ते म्हणाले, "ते पहिलं लाव."

लावलं.

"हा गातोय की रडतोय?"

"दोन्ही, आप्पा."

"म्हणतोय काय पण?"

जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, पण इतकं जपून भाषांतर मी कधी केलं नव्हतं. म्हटलं, "म्हणतोय, चूक माझी होती. तू घरी ये."

रेकॉर्ड संपली. सुई नुसती खरखरत राहिली. आप्पा अंगणातल्या कलमाकडे बघत होते.

"पुन्हा लाव," म्हणाले.

जेवताना मी हळूच विचारलं, पेटी म्हापशाला पाठवून देऊ का? भातात आमटी कालवत म्हणाले, "पाठवायची नाही. जिची आहे तिने येऊन न्यावी." मी ताक वाढायला गेले तेव्हा पुढचं वाक्य आलं, "आणि तिच्या त्या गिटारवाल्याला घेऊन ये म्हणावं. पेटी जड आहे."

सुनू, पेटी मी एका हाताने उचलते.

पणजीहून येणारी गाडी संध्याकाळी स्टँडवर लागते. आंबा अजून पंधरावीस दिवस आहे. बेनीला सांग, गिटार आणायची. इथली गाणी हलतात, सूर धरायला कुणीतरी हवं.

आप्पांनी आत्ता विचारलं, "झालं का लिहून?" हो म्हटलं. "मग टाक लवकर, टपाल निघेल."

शाळेच्या पत्त्यावर आता काही पाठवू नकोस. तिथे सुट्टी आहे, आणि घरी सगळे आहेत.

वाट बघणारी,
तुझी ताई
(आणि खुर्ची फाटकाच्या बाजूला फिरवून बसलेले आप्पा)